फारसा न वापरलेला हार

गेल्या महिन्यात एका लिलावघराचा जाडजूड कॅटलॉग कुरियरने घरी आला. असल्या लोकांच्या यादीत माझं नाव कसं गेलं, ते पुढे सांगतो. मी बँकेच्या ऑडिट विभागात नोकरी करतो. बायकोच्या गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र आहे. हिऱ्यांशी माझा संबंध शेजारधर्मापुरता. पण त्या कॅटलॉगच्या मधल्या पानावर भाई मानकरांचा हार होता. काळ्या मखमलीवर, एकटाच. खाली इंग्रजीत मजकूर: जुन्या मुंबईकर घराण्यातला हिऱ्यांचा हार, जुन्या पद्धतीचे पैलू, अपेक्षित किंमत एक कोटी वीस लाख ते दीड कोटी. आणि शेवटी एक ओळ: स्थिती उत्तम, फारसा वापरलेला नसावा.

मी त्यांना ईमेल केला. लिहिलं, की ही माहिती चुकीची आहे, हा हार साठाहून जास्त लग्नांत घातला गेला आहे, तरी ओळ दुरुस्त करावी. उत्तर आलं, की आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत, आमचा प्रतिनिधी आपल्याशी बोलेल. प्रतिनिधीचा फोन आला. त्याने विचारलं, "सर, आपण बोली लावणार आहात का?" मी म्हटलं, मला बोली लावायची नाही, मला एक ओळ बदलून हवी आहे. तो म्हणाला, "शुअर सर, नोट करून घेतो." नोट त्याने केली असेल. ओळ अजून तशीच आहे. त्यांच्या वेबसाइटवर मी कालही पाहिली.

तेव्हा ते काम आता मीच करतो.

भाई मानकर गिरगावातल्या आमच्या वाडीत, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहायचे. इमारत जुनी, लाकडी जिन्याची, लिफ्ट नसलेली. भाई फोर्टातल्या एका जहाज कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. उंच, गोरे, किंचित वाकलेले. घरातही इस्त्रीची पँट. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "लग्नं पुष्कळ केली. नवरा म्हणून तेवढं एकही नाही."

ते खरंच होतं. हार त्यांच्या आईचा. वडिलांच्या घराण्यात पूर्वी वाड्या, जागा, भाडी असं बरंच होतं. ते सगळं भाईंच्या जन्माच्या आधीच संपलं. उरली ती दोन खोल्यांची भाड्याची जागा आणि हा हार. आईने जाताना सांगितलं, की हा पेटीत ठेवू नकोस, कुणाच्या तरी अंगावर राहू दे. "आता घरात सून नाही, मुलगी नाही," भाई म्हणायचे. "मी गळे आणू कुठून? मग वाडीतले घेतले."

वाडीत कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं, की आईबाप आधी कार्यालय बघायचे आणि मग भाईंकडे जायचे. जात, पात, ऐपत यातलं काही भाई विचारत नसत. भाडं नाही, अनामत नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. अटी दोन. एक, हाराबरोबर भाई येणार आणि हाराबरोबर भाई जाणार. दुसरी, हार घातलेल्या नवरीचा एक फोटो त्यांना द्यायचा.

त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक लग्नांत पहिल्या रांगेत, चहाच्या रंगाचा कोट घालून भाई बसलेले असायचे. दोन्ही बाजूंना वाटायचं, हे दुसऱ्या बाजूचे कोणीतरी मोठे नातेवाईक. नवरी कपडे बदलायला गेली, की हे खोलीच्या दाराबाहेर उभे. ब्यूटिशियन केसांवर फवारा मारायला लागली, की आतल्या एखाद्या मावशीकडे वर्तमानपत्र पाठवायचे आणि बाहेरून ओरडायचे, "मानेवर धरा, मानेवर. हिऱ्याला तेल चालत नाही." फोटोग्राफरला सांगायचे, "लाइट डावीकडून दे रे. उजवीकडून त्या मधल्या खड्याचं तोंड पडतं." आणि हार परत खिशात येईपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाई, निदान जेवून तरी घ्या." तर म्हणाले, "जेवणारा माणूस ताटाकडे बघतो."

मी त्यांच्याशी या विषयावर वीस वर्षं वाद घातला. विमा काढा म्हटलं. हप्ता किती येईल, तोही काढून दिला. किमान लेखी पोच घ्या म्हटलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सतीश, तू आकडे नको सांगूस मला. माणसं सांग. कोण चोरेल? नाव सांग." मला नाव सांगता यायचं नाही. वाद तिथे संपायचा. मला नावं येत नाहीत, आकडेच येतात, आणि मी अजूनही म्हणेन, की माझं बरोबर होतं.

मग भाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, घरी आले, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. वर एकदा चढले की चढले. त्या गणपतीपासून भाई तिसऱ्या मजल्यावर अडकले. गॅलरीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडायचे, भाजीवाल्याशी वरून हुज्जत घालायचे. "हे बोंबील कालचे आहेत," असं तिसऱ्या मजल्यावरून सांगायचे, आणि कोळीण खालून म्हणायची, "भाई, खाली येऊन हात लावा, मग बोला." ती चेष्टा करायची. त्यांना ती लागायची. एकदा मला म्हणाले, "माणूस रोज रस्ता बघतो आणि त्यावर पाय ठेवत नाही. हे काही खरं नाही."

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत एक लहान फ्लॅट विकाऊ असल्याचं त्यांना कळलं. दोनशे चाळीस चौरस फूट, चौथा मजला, पण लिफ्ट. सकाळी खाली उतरायचं, पार्काच्या कट्ट्यावर बसायचं, एवढाच त्यांचा बेत. मी जाऊन पाहून आलो. लिफ्टच्या दाराची रुंदी मोजली, पुढेमागे चाकाची खुर्ची लागली तर जाईल की नाही म्हणून. जात होती. भाईंनी विचारलं, "आरसा आहे का आत?" आहे म्हटलं. "मग ठीक आहे."

फ्लॅट एक कोटी आठ लाखांना. भाईंनी स्वतःच म्हटलं, "हार काढू या." ते मी कधीच म्हटलं नसतं.

आधी झवेरी बाजारातला एक ओळखीचा सराफ आला. तीन जिने चढून धापा टाकत बसला, पाणी प्यायला, भिंग लावलं. खडे चांगले आहेत म्हणाला. अठ्ठावन्न लाख.

"खड्यांचे," भाई म्हणाले. "आणि हाराचे?"

"हार म्हणजे खडेच ना, साहेब. ही घडण आता कोण घेतो? सुटे करायचे, नवे पैलू पाडायचे."

भाईंनी डबी बंद केली. "चहा घ्या आणि या," म्हणाले.

मग लिलावघर. त्यांच्याकडून रिया नावाची एक मुलगी आली. हुशार होती आणि आदराने बोलायची. तिने ऐंशी लाख ते एक कोटी असा अंदाज दिला, कारण जुनी, न मोडलेली घडण हौशी माणसं घेतात. मालकीचा काही पुरावा आहे का, तिने विचारलं. भाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात नवऱ्यांचे, म्हणजे नवरी मुलींचे फोटो. काळेपांढरे, रंगीत, अलीकडचे मोबाइलवरून छापलेले. तिने सगळे पाहिले आणि म्हणाली, "अमेझिंग. पण सर, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी फोटोत नसतो. मी खुर्चीत असतो."

शेवटी मी भाईंच्या आईचं मृत्युपत्र शोधून काढलं आणि काम पुढे सरकलं. सगळा हिशेब मी मांडला. हार नव्वद लाखांना गेला, तर कमिशन आणि कर जाऊन हातात चौऱ्याहत्तर. गिरगावच्या जागेची पागडी, मालकाचा तिसरा हिस्सा जाऊन, एक्केचाळीस. फ्लॅट, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी सगळं धरून हातात वीसेक हजार उरत होते. नव्वदच्या खाली गेलं, तर जमत नव्हतं. मी भाईंना हे तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ते गॅलरीतून खाली बघत होते.

पहिला अडथळा त्यांनी लगेच आणला. प्रदर्शनासाठी हार सहा आठवडे आधी द्यायचा होता. आणि लालबागच्या परबांच्या दीपालीला भाईंनी शब्द दिलेला होता. परब पूर्वी आमच्या वाडीत राहायचे. मी स्वतः परबांना फोन करून अडचण सांगणार होतो, तर दीपालीची आईच जिना चढून आली. "भाईंनू, तुमचा काय तां नड असात तर र्‍हवांदे," ती म्हणाली. "चेडवाक मी समजावतंय."

"मुलीला समजावायचं काही कारण नाही," भाई म्हणाले. "हार येणार."

लिलाव पुढच्या हंगामावर गेला. फ्लॅटच्या मालकाने थांबायचे दोन लाख मागितले, ते भाईंनी दिले. आणि लग्नाला दादरच्या कार्यालयात, पहिल्या रांगेत, मला बसवलं. मी सकाळी आठपासून तिथे उपाशी. समोर पंगत उठतेय, दुसरी बसतेय, आणि परबांचे पाहुणे मला विचारतायत, "तुम्ही मुलाकडचे का?" हार परत घ्यायच्या वेळी दीपाली म्हणाली, "काका, अजून दहा मिनिटं. गावाला आजीला व्हिडिओवर दाखवते." मी दहा मिनिटं दिली. घरी आल्यावर भाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कसा दिसत होता?" मी म्हटलं, चांगला. "नुसता चांगला? दिवसभर बसून एवढंच पाहिलंस?"

लिलावाचा दिवस आला. दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलचा हॉल. मी म्हटलं, भाई, मोबाइलवर दिसतं, घरी बसून बघा. ते म्हणाले, "माझ्या आईचा हार चारचौघांत उभा राहणार आणि मी घरी बसू?" डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालवू नका, उचलून न्या. म्हणून आम्ही इमारतीतल्या चौघांनी भाईंना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. कित्येक महिन्यांनी ते खाली आले होते. वाडीच्या तोंडाशी टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी आम्हाला थांबायला लावलं आणि बूट घातलेले दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले. मला वाटलं, आता हा माणूस हिशेबाला धरून वागेल.

हॉलमध्ये जायला नोंदणी लागत होती. आधारकार्ड, पॅनकार्ड दाखवून मला एक कार्ड मिळालं, पंख्यासारखं, दांडीचं, वर सत्तेचाळीस आकडा. आत शिरल्यावर भाईंना उचलाउचलीचा घाम आला होता. त्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि वारा घ्यायला लागले.

आमच्या पुढच्या रांगेत दोन व्यापारी बसले होते. हार पडद्यावर आला. साठपासून सुरू झालं. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. टेलिफोनवरून एक बोली येत होती, एक या दोघांची. चौऱ्याऐंशीला टेलिफोन थांबला, मग परत आला. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. त्या दोघांतला एक हळू म्हणाला, "बीचवाला निकालके अलग सेट बनाएंगे. बाकी छोटे में डाल देंगे." दुसरा म्हणाला, "सोना तो गला ही देना है." आणि त्याने हात वर केला. नव्वद.

टेलिफोनवाली मुलगी मान हलवत होती, नाही म्हणून. नव्वद एकदा, असं तो लिलाव पुकारणारा म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे ती लिफ्ट आली. मी श्वास सोडला. त्याच वेळी माझ्या शेजारून सत्तेचाळीस नंबर वर गेला.

"ब्याण्णव," पुकारणारा म्हणाला.

मी भाईंचा हात धरला. "भाई, खाली घ्या. वारा घेताय असं सांगू."

"वारा नाही घेत," भाई म्हणाले आणि कार्ड आणखी वर धरलं.

पुढच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. खांदे उडवले. हातोडा पडला. स्वतःचाच हार भाईंनी विकत घेतला. कागदोपत्री मी घेतला, कारण कार्ड माझ्या नावाचं.

"भाई, आपला हार आहे हा."

"माहितीय मला."

"नव्वदला जमत होतं सगळं. तुम्हाला लिफ्ट मिळत होती."

"ती माणसं ऐकलीस ना तू?" ते म्हणाले. "कशी बोलत होती, ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, आणि आजही मी प्रामाणिकपणे सांगतो, की घेणाऱ्याने घेतलेल्या वस्तूचं काय करावं, हा आपला प्रश्न नव्हे. ते मी भाईंना टॅक्सीत सांगितलं. बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

संध्याकाळी आम्ही चौघांनी त्यांना परत वर नेलं. खुर्ची वर नेताना बसलेल्याचं तोंड उताराकडे राहतं. पहिल्या वळणापर्यंत भाई इमारतीच्या दाराकडे आणि दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. वळणाशी म्हणाले, "जरा थांबा रे." आम्हाला वाटलं त्रास होतोय. "काही नाही. चला."

चार दिवसांनी माझ्या नावावर बिल आलं. ब्याण्णव लाख, त्यावर वीस टक्के खरेदीदाराचं शुल्क, वर कर. एक कोटी दहा लाखांच्या पुढचा आकडा माझ्या नावाखाली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सुनीता, माझी बायको, म्हणाली, "बँकेत कळलं तर तुमचीच चौकशी लागेल." पुढचे दोन महिने मी त्यांना पत्रं लिहीत होतो. विकणाऱ्याने स्वतःच्या मालावर बोली लावणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. ही फसवणूक नाही, हा एका म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात, मला सापडेना. शेवटी विक्री रद्द झाली. खर्चापोटी भाईंच्या ठेवीतून तीन लाख चाळीस हजार गेले. त्या लिलावघराने यापुढे हा हार घेणार नाही असं कळवलं. माझं नाव मात्र खरेदीदार म्हणून कुठल्याशा यादीत गेलं आणि तिथून फिरत राहिलं. फ्लॅट एका डॉक्टरने घेतला. दोन लाख बुडाले.

यानंतर तरी तो हार लग्नांत मिरवत राहिला असता, तर मी गप्प बसलो असतो. पण दीपालीनंतर कोणी मागायलाच आलं नाही. आता साडीच्या रंगाचे सेट भाड्याने मिळतात, तेही घरपोच. वाडीतल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं ऐकून भाईंनी आपणहून फोन केला. तिची आई अवघडून म्हणाली, "भाई, तिला ग्रीन स्टोनचं हवंय हो. ब्यूटिशियनने सांगितलंय." भाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिरवा खडा." मी म्हटलं, मग आता तरी लॉकरमध्ये ठेवू या का? त्यावर त्यांनी तोंड गॅलरीकडे फिरवलं. मीही चिडलो होतो. पंधरा दिवस मी वर गेलो नाही. सुनीता जायची. डब्यातल्या गार पोळ्या त्यांना चावत नव्हत्या, म्हणून ती वर जाऊन ताज्या लाटून द्यायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात मी ऑडिटसाठी नागपूरला गेलो आणि भाई इकडे माझ्या माघारी गेले. झोपेतच. हार परदेशातल्या पुतण्याकडे गेला. त्याने तो कधी कुणाच्या गळ्यात पाहिला नव्हता, आणि त्यानेच तो आता या दुसऱ्या लिलावघराकडे दिला. तेव्हा मी नागपूरला निघायच्या आधीचा रविवार, तेच आमचं शेवटचं भेटणं.

मला कपाटाची किल्ली सापडत नव्हती, म्हणून सुनीताला विचारायला वर गेलो. दार उघडंच होतं. भाई खुर्चीत बसलेले, मांडीवर नॅपकिन, समोर स्टुलावर ताट. ओट्यापाशी सुनीता, घरातला विटका फुलाफुलांचा गाऊन, कोपरापर्यंत पीठ. आणि गळ्यात हार. ती पोळी लाटत होती, तसे ते खडे पुढे यायचे, मागे जायचे.

मी दारातच थांबलो. "सुनीता, हे काय?"

"भाई म्हणाले घाल. घातला."

"गॅसजवळ? अगं, नव्वद लाखांचा..."

"ब्याण्णव," भाई म्हणाले.

सुनीताने पोळी तव्यावरून आचेवर टाकली. ती फुगली. चिमट्याने उचलून ती भाईंच्या ताटात वाढायला वाकली, आणि हार तिच्या गळ्यापासून सुटून ताटावर लोंबायला लागला. भाई खुर्चीतून किंचित पुढे झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सतीश, दारातून बाजूला हो. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो.